नोएसक्यूएल शिकायचंय, तर आधी आंब्याची पट्टी समोर घ्या

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सी आयटी झालंय, मायएसक्यूएल या टेबलांच्या डेटाबेसवर कॉलेजचा प्रोजेक्ट केलाय. आता गावातल्या आंबा बागायतदारांच्या संस्थेनं एक ॲप करून मागितलंय: पेट्यांची आवक, प्रतवारी, दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) आणि बागायतदारांचे पैसे, सगळं एकात. पुण्यातला मित्र म्हणतो, 'टेबलांच्या भानगडीत पडू नकोस, मोंगोडीबी घे, नोकरीलाही तेच विचारतात.' तर नोएसक्यूएल (म्हणजे मोंगोडीबीसारखे, टेबलांवर न चालणारे डेटाबेस) कुठून शिकायचं, कोणतं शिकायचं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत जमेल का?

मी १७ वर्षं रत्नागिरीत राहून हेच काम करतोय. मासळीचा लिलाव, आंब्याची पॅकिंग हाउसं, काजू प्रक्रियेचे कारखाने, दोन पतसंस्था असं काम केलंय. त्यामुळे तुमची संस्था मी पाहिलेली नसली तरी तिचं टेबल, त्यावरचा पट्ट्यांचा गठ्ठा आणि मार्चअखेरची धावपळ डोळ्यासमोर येते. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

'कोणता डेटाबेस' हा तुमचा पहिला प्रश्न आहे. माझ्याकडे तो तिसरा किंवा चौथा येतो. पहिला असतो: या माहितीला रोज कोण, काय विचारणार? हे महत्त्वाचं का, तर रिलेशनल (टेबलांची) आणि नोएसक्यूएल या दोन पद्धतींमधला खरा फरक इथेच आहे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातली मोठी गोष्ट अशी की माहिती साठवताना पुढे कोणता प्रश्न येईल याचा विचार करावा लागत नाही. बागायतदार एका टेबलात, पट्टी दुसऱ्यात, पट्टीतल्या ओळी तिसऱ्यात. उद्या कोणी नवाच प्रश्न विचारला तर जॉइन लावा, म्हणजे टेबलं एकमेकांशी जोडा, उत्तर मिळतं. नोएसक्यूएलच्या बहुतेक प्रकारांत हा सौदा उलटा होतो. प्रश्न आधी माहीत असावे लागतात, त्यांच्या बेतानं नोंदीचा आकार ठरतो. मग ते ठरलेले प्रश्न फार स्वस्तात सुटतात, आणि न ठरलेला प्रश्न आला की घाम फुटतो.

नोएसक्यूएलवाली मंडळी या वाटेला का गेली तेही माहीत असू द्या. गूगलनं २००६ मध्ये आपल्या बिगटेबल या डेटाबेसवरचा आणि ॲमेझॉननं २००७ मध्ये आपल्या डायनॅमोवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांची अडचण एका मशीनमध्ये न मावणाऱ्या माहितीची होती. मोंगोडीबी आणि रेडिस हे नोएसक्यूएल डेटाबेस २००९ च्या सुमारास लोकांसमोर आले. तुमच्या संस्थेची अडचण ती नाही. पाच हजार बागायतदार आणि हंगामाला काही लाख पेट्या हे साध्या लॅपटॉपवरच्या कुठल्याही डेटाबेसला सहज झेपतं. म्हणून 'मोठा डेटा' हे कारण बाजूला ठेवा. तुमच्याकडे नोएसक्यूएलची बाजू घ्यायला दोन कारणं उरतात: नोंदीचा आकार, आणि नेटवर्क नसताना चालणारं काम. दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हींबद्दल खाली लिहितो.

मला माहीत नसलेल्या आणि ज्यांवर बरंच अवलंबून आहे अशा गोष्टी: एका वेळी किती जण नोंदी करणार, ते संस्थेच्या कार्यालयात बसून करणार की बागेत उभं राहून, तुम्ही उद्या नोकरीला पुण्याला गेलात तर ॲप कोण बघणार, आणि महिन्याला सर्व्हरवर किती खर्च करायची संस्थेची तयारी आहे. यातला तिसरा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. गावात एसक्यूएल येणारा माणूस शोधला तर सापडतो. मोंगोडीबी नीट येणारा सापडेलच असं नाही.

आता पट्टी घ्या. खरीखुरी, कागदाची. दलालाकडून आलेल्या पट्टीवर काय असतं? वर तारीख आणि पट्टी क्रमांक, मग बागायतदाराचं नाव, मग ओळी. उदाहरणादाखल धरू: पाच डझनी २० पेट्या २२०० च्या दरानं, सहा डझनी १२ पेट्या १८०० नं, आणि डागी ३ पेट्या १२०० नं. एकूण ६९,२०० रुपये. खाली हमाली ३५०, गाडीभाडं ३१५०. निव्वळ ६५,७००.

कॉलेजात शिकवलं त्याप्रमाणे याची तीन-चार टेबलं होतात. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये (मोंगोडीबी हा त्यातलाच) ही अख्खी पट्टी एकच नोंद: वरची माहिती, तिच्या पोटात ओळींची यादी, तिच्या पोटात कपातींची यादी. हे मला पटतं, कारण बागायतदार खिडकीशी येतो तेव्हा 'माझी पट्टी दाखवा' म्हणतो. तो कधीच नुसती तिसरी ओळ मागत नाही. जे एकत्र वाचलं जातं ते एकत्र साठवायचं, हा डॉक्युमेंट मॉडेलिंगचा पहिला धडा. आणि तो पट्टीवर जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकातल्या ब्लॉगपोस्ट-आणि-कॉमेंटच्या उदाहरणात मला कधी दिसला नाही.

त्याच पट्टीवर दुसरा धडाही आहे. बागायतदाराचं नाव पट्टीत लिहायचं, की फक्त त्याचा क्रमांक ठेवायचा? कॉलेजात सांगतात, एक गोष्ट एकाच जागी. मग पट्टीत नाव लिहिणं म्हणजे चूक वाटते. पण विचार करा. पट्टी हा त्या दिवशीचा पुरावा आहे. त्या दिवशी जो दर होता, जी हमाली होती, ज्या नावावर माल गेला, ते सगळं पट्टीवर तसंच राहायला हवं. पुढच्या वर्षी हमालीचा दर बदलला म्हणून जुनी पट्टी बदलत नाही. तेव्हा ही नक्कल नाही, ती त्या दिवसाची वस्तुस्थिती आहे, आणि ती पट्टीतच लिहायची. याउलट बागायतदाराचा मोबाइल नंबर आणि बँक खातं कायम ताजंच हवं. ते पट्टीत कॉपी केलंत तर नंबर बदलल्यावर चारशे पट्ट्या शोधत बसाल. ते बागायतदाराच्या स्वतंत्र नोंदीत, आणि पट्टीत फक्त त्याचा क्रमांक. प्रत्येक फील्डला (नोंदीतल्या रकान्याला) एवढंच विचारायचं: हे बदललं, तर जुन्या नोंदीत बदलायला हवं का? उत्तर 'नाही' असेल तर पोटात घाला, 'हो' असेल तर बाहेर ठेवा आणि क्रमांकानं जोडा. हा एक प्रश्न नीट विचारायला शिकलात की निम्मं मॉडेलिंग आलं.

पोटात घालायची हौस मात्र आवरा. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी एका नौकेची एकच नोंद ठेवली होती आणि तिच्या पोटात त्या नौकेच्या सगळ्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत लिलावाच्या सगळ्या ओळी. पहिले तीन महिने सुरेख चाललं. मग नौकेचं नुसतं नाव वाचायलाही वर्षभराचा लिलाव मेमरीत यायला लागला. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा असते. आम्ही तिथवर पोचलो नाही, पण त्याच्या खूप आधीच काम जड झालं. ज्या यादीला शेवट आहे ती पोटात, जी वाढतच जाणार ती बाहेर. पट्टीच्या ओळी दहा-पंधरा, त्यांना शेवट आहे. फेऱ्यांना नाही. तुम्ही पिकवणी खोलीचं तापमान नोंदवणार असाल तर हाच विचार तिथेही लावा. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १४४० नोंदी. त्या तासातासाच्या गठ्ठ्यानं ठेवा, नाहीतर मोंगोडीबीच्या ५.० आवृत्तीपासून आलेलं टाइम सिरीज कलेक्शन (वेळेनुसार येणाऱ्या नोंदींचा खास संच) वापरा.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार संस्थेसाठी लिलावाच्या नोंदीचं ॲप केलं होतं. किनाऱ्यावर दोन कारकून, दोघांच्या हातात फोन. नौका लागली, टप उतरले, बोली झाली की मासळीचं नाव, वजन, दर टाकायचा. हंगाम संपल्यावर प्रत्येक नौकेचा एकूण माल काढला. एक तांडेल (नौकेचा प्रमुख) आपली वही घेऊन कार्यालयात आला. माझ्या छापील कागदाकडे बघून म्हणाला, 'ह्यो आकडो माजो न्हय.' फरक थोडाथोडका नव्हता, जवळपास एक तृतीयांश माल कमी दिसत होता.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि पहिल्या दिवसापासून ताडून पाहायला लागलो. वहीत त्या दिवशी ११ नोंदी, कॉम्प्युटरमध्ये ११ नोंदी. प्रत्येक ओळ जुळत होती, मासळी तीच, वजन तेच, दर तोच. बेरीज मात्र वेगळी. अर्धा तास मला काहीच कळेना. मग स्क्रीनवरच्या वजनांकडे नीट पाहिलं. सात नोंदींत इंग्रजी अंक होते, चार नोंदींत देवनागरी. संध्याकाळच्या कारकुनाच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि तो 12 हे '१२' असं टाइप करत होता. माझा कोड टाइप केलेल्याचा अंक करायचा प्रयत्न करत होता, देवनागरी अंक त्याला कळत नव्हते, आणि नोंद हरवू नये म्हणून मी लिहून ठेवलं होतं की जमलं नाही तर जसं आहे तसं मजकूर म्हणून साठव. डेटाबेसनं ते निमूटपणे घेतलं. आणि मोंगोडीबीचा बेरजेचा ऑपरेटर अंक नसलेली किंमत सरळ वगळतो. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही, फक्त वगळतो. '१० किलोपेक्षा जास्त' असा शोध घेतला तरी मजकुरातल्या नोंदी त्यात येत नाहीत.

त्या माणसाचं वर्षभराचं पाण्यातलं काम माझ्या त्या एका ओळीमुळे कागदावर कमी झालं होतं. त्याच्याकडे वही होती म्हणून ते सापडलं.

'स्कीमा लागत नाही' असं मित्रानं सांगितलं असेलच. याचा खरा अर्थ असा की स्कीमा, म्हणजे नोंदीचा ठरलेला साचा, डेटाबेस राखत नाही, तो तुम्हाला राखावा लागतो. सुदैवानं मोंगोडीबीत ३.६ आवृत्तीपासून जेसन स्कीमा व्हॅलिडेशन आहे. वजन हा अंकच हवा, शून्यापेक्षा मोठाच हवा, तारीख ही तारीखच हवी, असं कलेक्शनला सांगून ठेवता येतं आणि चुकीची नोंद ते परत पाठवतं. पट्टीचं कलेक्शन तयार कराल त्याच दिवशी हे लावा, नंतर लावू म्हणू नका. आणि मराठी माणसांसाठी ॲप करताय, तर देवनागरी अंक येणारच. ते फोनवरच इंग्रजी अंकात बदलून मग पाठवा. तसंच मासळीची किंवा आंब्याच्या प्रतीची नावं टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. आमच्याकडे सुरमई, सुरमय आणि इसवण असे तीन वेगळे मासे तयार झाले होते.

पैशांच्या रकमा साठवताना अजून एक जपा. दशांशवाले साधे अंक पैशाला वापरू नका. एकतर पैशांत मोजा, म्हणजे ६५,७०० रुपये हे ६५,७०,००० पैसे, किंवा मोंगोडीबीतला डेसिमल १२८ हा प्रकार वापरा.

आता नेटवर्क. कोकणात हा मुद्दा शहरातल्या पुस्तकांपेक्षा फार मोठा आहे. सड्यावरच्या बागेत रेंज एका आंब्याखाली असते आणि दुसऱ्याखाली नसते. पावसात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस ना वीज होती ना फोन. म्हणून संस्थेला हे स्पष्ट विचारा: नेट नसताना आवक नोंदवता यायला हवी का? उत्तर 'हो' असेल तर डेटाबेसची निवड इथेच ठरते, आणि मित्रानं सुचवलेलं नावच कदाचित बदलतं.

अशा कामाला मी काउचडीबी आणि पाउचडीबीची जोडी वापरतो. पाउचडीबी फोनच्या ब्राउझरमध्ये राहतो, काउचडीबी सर्व्हरवर. फोनवर नोंद झाली की ती तिथेच पक्की. रेंज आली की दोघं आपापसांत देवाणघेवाण करून घेतात. हे ऐकायला सोपं आहे, खरी अडचण पुढे आहे. समजा रेंज नसताना बागेतल्या माणसानं पेटी क्रमांक ५० ची प्रत बदलली, आणि त्याच वेळी पॅकिंग हाउसमधल्या बाईंनी त्याच पेटीचं वजन बदललं. नेट आल्यावर काउचडीबी दोन्ही आवृत्त्या ठेवतो, सगळीकडे एकच ठरेल अशा नियमानं त्यातली एक वर आणतो आणि दुसरी संघर्षातली म्हणून बाजूला ठेवतो. ती फेकून देत नाही, पण तुम्ही मुद्दाम विचारल्याशिवाय दाखवतही नाही. बऱ्याच नव्या माणसांना वाटतं की सिंक झालं म्हणजे जुळलं. जुळवणं तुमच्या कोडचं काम आहे.

यावरचा माझा उपाय रोजकीर्दीतून घेतलेला आहे. कीर्दीत चुकलेली ओळ कोणी खाडाखोड करून बदलत नाही, खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहितो. तसंच इथे. पेटीची नोंद बदलायची नाही. 'पेटी ५०, प्रत बदलली, अमुक वेळी, अमक्यानं' ही स्वतंत्र नवी नोंद. 'पेटी ५०, वजन बदललं' ही दुसरी. दोन फोनवर दोन वेगळ्या नोंदी तयार झाल्या तर भांडण उरत नाही, वाचताना दोन्ही क्रमानं लावल्या की पेटीची आजची स्थिती मिळते. माझ्या गेल्या चार कामांत मी हेच केलंय आणि संघर्ष जवळजवळ संपलेत. एकच काळजी: फोनची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळही वेगळी साठवा.

कॅप प्रमेय नावाची गोष्ट तुम्हाला प्रत्येक मुलाखतीत विचारतील. एरिक ब्रूअर यांनी २००० साली ती मांडली, २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केली. व्याख्या पाठ करण्यापेक्षा वरचीच बाग आणि पॅकिंग हाउस डोळ्यासमोर आणा. दोघांमधली तार तुटली. आता तुमच्यापुढे दोनच वाटा: तार जुळेपर्यंत एका बाजूनं नोंदी थांबवायच्या, किंवा दोन्हीकडे नोंदी चालू ठेवून काही काळ दोन्हीकडची माहिती वेगळी दिसेल हे मान्य करायचं. आवक नोंदवायला मी दुसरी वाट घेतो, कारण टेम्पो थांबत नाही. बागायतदाराला पैसे देताना पहिली, कारण तेच पैसे दोन ठिकाणांहून दोनदा जाऊ शकतात.

पैशांवर आलोच आहे तर हे मोकळेपणानं सांगतो. बागायतदारांची खाती, उचल, बाकी, वाटप, हा भाग मी रिलेशनलमध्येच ठेवीन. तिथे प्रश्न आधी माहीत नसतात. लेखापरीक्षक येऊन कुठल्या बाजूनं काय विचारेल सांगता येत नाही. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा हे एकत्रच व्हायला हवं. मोंगोडीबीत २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंट्सवर एक ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) करता येतं, हे खरं. पण ज्या कामात प्रत्येक पावलाला ते लागतं, त्या कामाला मी डॉक्युमेंट डेटाबेस निवडत नाही. आणि पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून जेसनबी हा प्रकार आहे. त्यात अख्खी पट्टी एका रकान्यात डॉक्युमेंट म्हणून ठेवता येते, तिच्या आतल्या फील्डवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी झटपट शोधाची सोय) लावता येतो, आणि शेजारच्या टेबलात खाती नेहमीसारखी. नेट नसतानाची अट नसेल, तर तुमच्या संस्थेसाठी माझी निवड पोस्टग्रेस आणि जेसनबी अशीच असेल. देखभालीला एकच डेटाबेस, एकच बॅकअप, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला समजेल असं.

म्हणून शिकणं आणि संस्थेचं काम या दोन गोष्टी वेगळ्या करा. नोकरीसाठी मोंगोडीबी शिका, जरूर शिका, चांगलं साधन आहे आणि मागणी आहे. संस्थेला जे लागेल ते संस्थेला द्या. बागायतदारांचे पैसे हे तुमच्या सरावाचं मैदान करू नका.

शिकायचं कसं, ते आता. तुमच्याकडे पावसाळ्याचे महिने आहेत, आंबा संपलेला असतो आणि संस्थेतली माणसं जरा मोकळी असतात. मीसुद्धा मासळीवाल्यांची मोठी दुरुस्तीची कामं १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीतच करतो. मोंगोडीबीची कम्युनिटी आवृत्ती लॅपटॉपवर टाका. लॅपटॉप फार जुना असेल तर ५.० आणि त्यापुढच्या आवृत्त्या चालणार नाहीत, त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाची सोय लागते. मग मोंगोडीबीच्या ॲटलस या क्लाउड सेवेवर ५१२ एमबीची फुकट जागा मिळते, ती घ्या. कंपनीचे स्वतःचे मोफत अभ्यासक्रम चांगले आहेत, पण ते बघत बसू नका. अर्धा तास बघितलं की दोन तास पट्ट्यांवर काम.

इंडेक्स समजायला छोटा डेटा उपयोगाचा नाही. पाचशे पट्ट्यांवर सगळंच झटपट दिसतं. एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाच लाख खोट्या पट्ट्या तयार करा आणि 'बागायतदार ७३ च्या या हंगामातल्या पट्ट्या, नवी सगळ्यात वर' हा प्रश्न विचारा. एक्सप्लेन (प्रश्न कसा सोडवला ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा. तिथे कलेक्शन स्कॅन दिसेल आणि तपासलेल्या डॉक्युमेंट्सचा आकडा पाच लाख. मग बागायतदार क्रमांक आणि तारीख असा जोड इंडेक्स करा, क्रमांक आधी, तारीख नंतर. पुन्हा एक्सप्लेन. तपासलेला आकडा आणि परत आलेला आकडा सारखा झाला की समजा जमलं. आता मुद्दाम क्रम उलटा करून, तारीख आधी ठेवून बघा आणि या वेळी तपासलेल्या इंडेक्समधल्या नोंदींचा (कीजचा) आकडा कसा फुगतो ते पाहा. हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिलं की क्रमाचं महत्त्व पुन्हा कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर एकाच लॅपटॉपवर तीन वेगवेगळ्या पोर्टवर मोंगोडीबी चालू करून त्यांचा रेप्लिका सेट (एकाच माहितीच्या प्रती ठेवणारा गट) करा. एक छोटा प्रोग्रॅम सेकंदाला एक नोंद टाकत ठेवा आणि मुख्य असलेली प्रोसेस मारून टाका. साधारण दहा-बारा सेकंदांत उरलेल्या दोघांतून नवा मुख्य निवडला जातो. त्या दहा सेकंदांत तुमच्या प्रोग्रॅमचं काय झालं, कोणत्या नोंदी पोचल्या, कोणत्या नाही, हे मोजा. मग तिघांतले दोघे मारा. उरलेला एकटा नोंदी घ्यायला नकार देईल, कारण बहुमत उरलं नाही. वर कॅप म्हणून जे सांगितलं ते तुमच्या टेबलावर घडताना दिसेल.

बाकीच्या नोएसक्यूएल डेटाबेसची ओळख पुरे. रेडिस मेमरीत चालतो, सेशन, ओटीपी, लिलावाची चालू बोली अशा अल्पजीवी गोष्टींना उत्तम. एकमेव वही म्हणून वापरायचा नाही. कॅसँड्राचं पहिलं काम तुमच्याकडे येईल तेव्हा शिका, तोवर 'प्रश्न आधी, टेबल नंतर' हे त्यातलं तत्त्व वाचून ठेवा, ते तिथे सगळ्यात कडकपणे पाळावं लागतं. ग्राफ डेटाबेस (नात्यांचं जाळं साठवणारा) तुमच्या कामात मला तरी कुठे दिसत नाही.

सुरक्षेचं मात्र पहिल्या दिवसापासून. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली होती. पासवर्ड लावा, पोर्ट २७०१७ बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. बॅकअप रोज घ्या आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उतरवून एखादी पट्टी उघडून बघा. उतरवून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

हंगामाच्या आत जमेल का? आवक आणि पट्टी एवढंच घेतलंत तर जमेल. पैशांचा भाग पहिल्या वर्षी संस्थेच्या आत्ताच्या वहीतच राहू द्या आणि तुमचे आकडे त्या वहीशी दर आठवड्याला ताडून बघा.

उद्या संस्थेत जा आणि गेल्या हंगामातल्या शंभर पट्ट्या मागून घ्या, वेगवेगळ्या दलालांच्या. हातानं टाइप करा. एकाच्या पट्टीत गाडीभाडं वेगळं दाखवलेलं असेल, दुसऱ्याच्या दरातच धरलेलं. कोणी डझनात लिहिलं असेल, कोणी नुसत्या पेट्या. मग खिडकीशी दोन दिवस बसा आणि बागायतदार, सचिव, गाडीवाला जे जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. वीस-पंचवीस प्रश्न होतील. ते आणि दोन-तीन पट्ट्यांचे नमुने, नावं झाकून, इथे टाका. त्यावर पट्टीची नोंद कशी मांडायची ते आपण ओळीओळीनं बघू.